हाफ क्लच

दातकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. तो कवळ्या करायचा. दंतवैद्य लोकांच्या हिरड्यांचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवत, हा त्यांत प्लास्टर ओतून साचे करी आणि त्या साच्यांवर एकेक दात बसवी. गल्लीतल्या दुकानदारांनी थट्टेनं ठेवलेलं हे नाव त्याला इतकं चपखल बसलं, की नवीन माणूस हमखास विचारायचा, "दातकर म्हणजे कुठले?" आणि तो मान वर न करता सांगायचा, "तोंडातले."

विनोद काय तो तेवढाच. बाकी दिवसभर त्याच्या खोलीत बोलणारं कुणी नसे. फळ्यांवर पांढरे जबडे रांगेनं मांडलेले, सगळे आ वासून बसलेले, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही.

आणि अशा या माणसाकडे स्पोर्ट्स कार होती.

जुनी, बसकी, दोनच सीटची, शेवाळी रंगाची. इंजिन पुढे नाही, सीटच्या पाठीमागे. दातकरचा घटस्फोट झाला त्या वर्षी एका दंतवैद्यानं ती विकायला काढली आणि दातकरनं घेतली. लोकांना हसायचं तेवढं लोक हसले. "संसाराचा गाडा मोडला, म्हणून ही आणली वाटतं," असं त्याचा सख्खा मोठा भाऊच म्हणाला. दातकरनं खरं कारण कुणाला सांगितलं नाही. आधीच्या गाडीत तो आणि त्याची मुलगी पुढे बसली, की मागची सीट लांबच्या लांब रिकामी पडलेली असे. आरशात बघावं तर तीच दिसे. या गाडीत दोघं बसली की गाडी भरली. मागे बघायला काही उरतच नव्हतं.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी तो मुलीला घ्यायला जाई. ती आणि तिची आई राहायच्या ती इमारत चढाच्या गल्लीत होती. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा नाही. दातकर फाटकासमोर थांबे, पण गाडी लावत नसे. इंजिन चालू, हँडब्रेक खाली, डावा पाय क्लचवर अर्धा, उजवा ॲक्सिलरेटरवर हलका. गाडी पुढे सरकायची नाही आणि मागे घसरायचीही नाही. हाफ क्लचवर जागच्या जागी तोलून धरलेली. ड्रायव्हर लोक सिग्नलपाशी क्षणभर करतात, ते हा मुलगी खाली येईपर्यंत करी. आणि त्याला त्याचा अभिमान होता. केसभर उंच झालेला दात बोटाला जाणवणारा माणूस तो. आपल्या पायातही तेच कसब आहे असं त्याला वाटे.

वर जायचं नाही, बेल वाजवायची नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. तसं कुणी त्याला म्हणालं नव्हतं. इंजिनाचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो हे त्याला माहीत होतं. तीच त्याची बेल.

मुलगी लहानाची मोठी झाली ती अशी, एकाआड एक रविवारी. आता तिला लांबच्या गावी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पुढच्या महिन्यात होस्टेलला जायची होती. अशातच एका रविवारी ती खाली आली, दार लावून बसली, दातकरनं क्लच सोडला आणि इंजिन एकदम बोंबललं. काटा सर्रकन वर चढला. गाडी मात्र रुसलेल्या पोरासारखी जागची हलेना.

"बाबा, काहीतरी जळतंय."

"क्लच."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे इंजिन जीव तोडून फिरतंय आणि चाकांना त्याचा पत्ताच नाही."

मुलगी हसली. गाडी कशीबशी, कण्हत कुंथत चढ चढली. वर सपाटीला लागल्यावर तिनं विचारलं, "खर्च बराच येईल का रे?"

"येईल. इंजिन सीटच्या मागे आहे ना. सगळं उघडावं लागतं."

"मग विकून टाक ना. मी तर जाणारच आहे. तू एकटा हिला घेऊन काय करणार?"

ती सहज बोलली, त्याच्या भल्यासाठीच बोलली. दातकर "बघू" म्हणाला. पण ते वाक्य दातांच्या फटीत अडकलेल्या धाग्यासारखं त्याच्या जिभेला लागत राहिलं.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. देहानं ऐसपैस आणि तोंडानं त्याहून ऐसपैस. गिऱ्हाइकाला त्याच्या धंद्यानं हाक मारायची त्याची पद्धत होती.

"या डॉक्टर, बसा. बातमी वाईट आहे, म्हणून चहा चांगला मागवलाय."

"मी डॉक्टर नाही."

"दात बसवता ना? मग झालं तर. मी तरी कुठे इंजिनियर आहे?"

गाडी लिफ्टवर वर गेलेली होती आणि तिच्या पोटातला गिअरबॉक्स खाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. उस्तादनं बोटांवर हिशेब सुरू केला. "क्लचची प्लेट स्वस्त आहे हो. प्लेटपर्यंत पोचायचं ते महाग. मागची चाकं काढा, सायलेन्सर उतरवा, एवढा गिअरबॉक्स खाली घ्या. मजुरीच मजुरी. आणि एवढं उघडल्यावर आतलं बेअरिंग जुनंच ठेवलं तर मला झोप लागणार नाही, ऑइल सील जुनं ठेवलं तर तुम्हाला लागणार नाही. शिवाय हे फ्लायव्हील. ज्यावर प्लेट दाबून बसते ना, ते. याला मशीनवर घासून आणावं लागेल."

मग त्यानं आकडा सांगितला. दातकरनं कप खाली ठेवला. गाडी चांगल्या अवस्थेत विकली तर जेवढे येतील, त्याच्या निम्म्याहून तो जास्त होता. तेवढ्यात त्याची दातांचा धातू तापवायची नवी भट्टी आली असती. जुन्या भट्टीचं दार तो कधीपासून तारेनं बांधून वापरत होता.

"दुसरा काही मार्ग?"

"आहे ना. एक जण अशा गाड्या सुट्या भागांसाठी उचलतो. भंगारात म्हणत नाही मी, पण भंगारातच. गिअरबॉक्स खाली आहे तसाच घेऊन जाईल. विचार करा, पण फार नको. माझी लिफ्ट अडकून पडलीय." उस्तादनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, राग मानू नका. रेस लावता का कुठे?"

"मी?"

"एवढ्या कमी पळालेल्या गाडीची प्लेट अशी जळत नाही. दिसता गरीब, पण गरीब दिसणाऱ्यांचीच कामं असतात ही. आमचा एक कीर्द लिहिणारा कारकून होता, पोरांबरोबर पैजा लावून—"

"मला ती प्लेट बघू द्या."

उस्तादनं जेवणाच्या ताटाएवढी जड चकती त्याच्या हातात दिली. दातकरनं खिशातून भिंग काढलं. झीज बघणं हेच त्याचं रोजचं काम होतं. वापरलेली कवळी हातात घेतली की माणूस कुठल्या बाजूनं चावतो, सुपारी फोडतो की नाही, हे तो सांगू शके. चकतीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, काळा झाला होता. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. धातू भट्टीत जास्त तापला की येतात तसे. म्हणजे उष्णता भरपूर. पण चकतीच्या मधल्या भोकाचे दाते, ज्यांत दांडा बसतो, ते कोरे होते. त्यांच्या कडा अजून बोटाला लागत होत्या. गाडी दामटली असती, खाडखाड गिअर टाकले असते, तर या कडा आधी गेल्या असत्या.

मग त्यानं उस्तादला लिफ्ट खाली घ्यायला लावली आणि वाकून क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. एकाच कोपऱ्यात ते पातळ होऊन आतलं लोखंड दिसत होतं. बाकीची नक्षी जशीच्या तशी.

काही माणसं झोपेत दात खातात. त्यांचे दात जेवून झिजत नाहीत. तोंडात घास नसतो, तरी रात्रभर वरचे खालच्यावर घासत राहतात, आणि सकाळी माणसाला काही आठवत नाही. दातकरनं असे जबडे कितीतरी बघितले होते.

"रेस नाही," तो म्हणाला. "उभं राहून झालंय हे."

"उभं राहून?" उस्ताद म्हणाला. "कुणाच्या दारात एवढे उभे राहिलात, डॉक्टर?"

दातकरनं भिंग खिशात ठेवलं. प्लेट पिशवीत घालून घरी नेली.

पुढचा त्याचा रविवार आला तेव्हा गाडी अजून लिफ्टवरच होती. उस्तादनं सोमवारपर्यंतची मुदत दिली होती: उद्या हो म्हणा, नाहीतर तो भंगारवाला येऊन घेऊन जाईल. मुलीला फोन करून सांगता आलं असतं. पण गाडी नाही म्हटल्यावर ती "मग राहू दे" म्हणेल, ही धास्ती. म्हणून तो न सांगताच बसनं गेला, कोपऱ्यावर उतरला आणि चढ चालू लागला. हा चढ पायांना एवढा लागतो हे त्याला आजवर माहीत नव्हतं. हातात प्लेटची पिशवी होती. मुलीला दाखवावी असं निघताना वाटलं होतं. आता ती नुसतीच जड वाटत होती.

फाटकाशी तो नेहमीच्या जागेवर थांबला. वर बघितलं. पडदा हलला नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं कपडे वाळत घालता घालता त्याला न्याहाळलं आणि पुन्हा चिमटे लावू लागली. थोडा वेळ गेला. मग त्याच्या लक्षात आलं, कुणी येणार कसं? आज त्याला आवाजच नव्हता.

परत फिरावं असं एकदा मनात आलं. मग तो जिना चढला.

दार मुलीच्या आईनं उघडलं. तिच्या हातात अर्धी सोललेली मोसंबी होती.

"अरे! तू? वर कसा?"

"गाडी नाही आज."

"बरं, मग आत ये. की दारातूनच हजेरी लावून जाणार?"

दाराला लागून एक स्टूल होतं आणि त्यावर त्याची मुलगी बसली होती. केस विंचरलेले, पायांत बूट, खांद्याला पर्स.

"बाबा? आवाज नाही आला तुझा. मला वाटलं, आज येत नाहीस."

"तू तयार होऊन बसलीयस?"

"नेहमीच बसते," ती म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

 त्यानं पिशवीतून प्लेट काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे काय? रविवारी सकाळी लोखंड?" आई म्हणाली. "खाली वर्तमानपत्र तरी घाल."

मुलीनं प्लेट उचलून बघितली, वास घेतला, नाक मुरडलं. दातकरनं तिला सगळं समजावून सांगितलं. निळे डाग, कोरे दाते, पेडलचा कोपरा. हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट धड चिकटत नाही, धड सुटत नाही, नुसती घासत राहते.

"म्हणजे तू खाली थांबायचास, तेव्हा?"

"हो."

"एवढी सगळी वर्षं?"

"माझा पाय दमायचा. प्लेटचं काही लक्षात नाही आलं."

"मग हँडब्रेक ओढून इंजिन बंद का नाही करायचास?"

"तुला ऐकू यावं म्हणून. वर येऊन बेल वाजवायला नको म्हणून."

मुलीनं प्लेट खाली ठेवली. "मला वाटायचं, तुला घाई आहे."

"मला? कसली घाई?"

"ते मला काय माहीत! इंजिन चालू असायचं. लहान होते तेव्हा तर एक मोजा पायात, एक हातात घेऊन पळत सुटायचे. आई मागून ओरडायची, अगं वेणी! मी म्हणायचे, वेणी नको, बाबा निघून जाईल."

"मी कुठे जाणार होतो?"

"इंजिन चालू ठेवणारा माणूस जायलाच बसलेला असतो ना, बाबा."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "दोघं एका माळेचे मणी. एकानं विचारायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं नाही. मोसंबी खाणार का कुणी?"

मोसंबीच्या फोडी आल्या. दातकर त्या खोलीत पहिल्यांदाच बसला होता. खिडकी त्याच्या समोर होती आणि तिच्यातून फाटकाचा अर्धा भाग दिसत होता. गाडीचं टप तेवढं दिसत असणार इथून, त्यानं मनाशी अंदाज केला. आतला माणूस नाही दिसणार.

"मग काय करणार?" मुलीनं विचारलं. "विकणार?"

"तूच म्हणालीस, विकून टाक."

"म्हणाले."

"खर्च फार आहे म्हणून?"

"तेही आहेच. पण..." तिनं फोडीतली बी काढून वर्तमानपत्रावर ठेवली. "शिकाऊ लायसन्स काढून मला किती दिवस झाले, ठाऊक आहे? दर वेळी म्हणतोस, ही गाडी नाजूक आहे, हिच्यावर नको शिकू. मला शेजारच्या सीटवरच बसायचं असेल तर बस काय वाईट आहे? तिथे निदान खिडकी मोठी असते."

आई आतून खदखदून हसली. दातकर हसला नाही. तो पुन्हा प्लेटकडे बघत होता.

सोमवारी त्यानं उस्तादला सांगितलं, "करा."

"सगळं?"

"सगळं. बेअरिंग, सील, फ्लायव्हील, जे काय असेल ते."

"शाबास. हौसेला मोल नसतं. पण डॉक्टर, एक कानमंत्र देतो. ही प्लेट शिकाऊ माणसाच्या पायाखाली देऊ नका. चार दिवसांत वाट लावेल."

"किती वाट लावेल?"

"म्हणजे?"

"जळून जाईल, की नुसते डाग पडतील?"

उस्ताद त्याच्याकडे बघतच राहिला. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही रेस लावत होतात तेच बरं होतं."

दातकरनं भट्टीच्या दाराला नवी, जाड तार बांधली. भट्टीचा विषय तिथे मिटला.

नवा क्लच लोण्यासारखा मऊ होता. पण ते सुख त्यानं गॅरेजपासून घरापर्यंतच भोगलं. बंद पडलेल्या एका गोदामामागे मोठं मैदान होतं. तिथे त्यानं मुलीला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. आता रविवार मोजायचे नव्हते. ती सांगेल त्या संध्याकाळी तो काम आवरून निघे. फाटकाशी इंजिन बंद करी, हँडब्रेक ओढी, वर जाऊन बेल वाजवी. तिची आई म्हणे, "आली शाळेची गाडी."

पहिल्या दिवशी गाडी इतक्यांदा बंद पडली की मैदानातली कुत्रीसुद्धा कंटाळून उठून गेली. दुसऱ्या दिवशी बंद पडेना, पण जळका वास येऊ लागला. दातकरनं न ओरडण्याचं मनाशी पक्कं केलेलं होतं.

"हळू सोड. हळू. अर्ध्यावर आलं की जरा... अगं! पुढे सोड! थांबू नको!"

"तूच म्हणालास अर्ध्यावर!"

"अर्ध्यावर जरा दम घे म्हणालो. मुक्काम कर नाही म्हणालो!"

"मुक्काम करायची सवय तुझी आहे, माझी नाही," ती म्हणाली, आणि पाय काढून घेतला. गाडीनं एक आचका दिला, दोघांच्या माना पुढे जाऊन मागे आल्या, आणि इंजिन बंद. मग दोघं इतकं हसली, की पुन्हा चालू करायचं थोडा वेळ राहूनच गेलं.

जाण्याच्या आधी तिनं चढ जिंकला. फाटकासमोर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, मग तो सोडत सोडत, एक तसूही मागे न घसरता, गाडी वर काढली. तिनं वळून बाबाकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत होती, आणि तेच बरोबर होतं.

जायच्या दिवशी सामान आईबरोबर टॅक्सीतून गेलं आणि गाडी स्टँडपर्यंत मुलीनं चालवली. उतरताना किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "आता तू चालव. आणि इंजिन बंद करत जा." बस गेली. तिच्या आईनं विचारलं, "सोडतोस का मला घरी?" तो "हो" म्हणाला. फाटकाशी ती उतरली, "ये कधीतरी" म्हणाली आणि आत गेली. तो एकटाच गल्लीतून बाहेर पडला.

त्यानंतरचे रविवार सगळे सारखेच झाले, एकाआड एक असं काही राहिलं नाही. मुलगी फोन करी. आधी भरभरून, मग आटोपशीर. तिकडे तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या, प्रयोगशाळा होती, पहिली परीक्षा होती. जे व्हायला हवं तेच होत होतं. दातकर रविवारीही खोली उघडी ठेवू लागला. फळीवरचे जबडे आ वासून बसलेले असत आणि तो त्यांत दात बसवी.

तेल बदलायला गाडी नेली तेव्हा उस्तादनं एक चक्कर मारून आणली आणि उतरला तो मान हलवतच.

"पहिल्या गिअरमध्ये सुटताना थरथरतेय. सगळं अंग हलतं. फ्लायव्हीलला डाग पडले पुन्हा. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंत."

"चालायला चालेल, तसा धोका काही नाही. पण ही थरथर जायची नाही. घालवायची तर पुन्हा सगळं उघडा. तोच खर्च, तीच मजुरी. काढू तारीख?"

"राहू दे."

"तुम्हाला त्रास नाही होत?"

"होतो," दातकर म्हणाला. "असू दे."

तेलाचे पैसे देऊन तो निघाला. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. त्यानं गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला आणि डावा पाय उचलून खाली सपाट ठेवला. पायाला अजून त्याची सवय नव्हती. तो रिकामा पाय उगाच हलत राहायचा. शेजारच्या स्कूटरवर एक बाई आणि तिच्या मागे तिचा मुलगा होता. मुलगा वाकून, गाडीच्या बसक्या खिडकीतून आत बघत होता. आत एकच माणूस आहे असं दिसल्यावर त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

सिग्नल हिरवा झाला. दातकरनं पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडू लागला. अर्ध्यावर आल्यावर गाडी थरथरली. पेडलातून, सीटमधून, स्टिअरिंगमधून ती थरथर त्याच्या हातापायांत आली. शेजारच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल दाराच्या पत्र्यावर टिकटिक वाजलं. मग क्लच पुरता सुटला, बक्कल गप्प झालं आणि गाडी पुढे निघाली.